थंडीच्या तोंडावरील कादंबरी आणि सरहद्दीवरील कुमार वाचक

मराठी माणसाचे वर्ष गुढीपाडव्यास सुरू होत असले, तरी त्याच्या वाचनाचे वर्ष आश्विन-कार्तिकात सुरू होते. पाऊस उघडतो, खरिपाची सुगी घरात येते, कापूस वेचणीस लागतो, शाळांना सुटी पडते आणि रात्री लांबू लागतात. नेमक्या ह्याच सुमारास छापखान्यांतून नवी पुस्तके बाहेर पडतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा खास दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवे साहित्य आणि पहिली थंडी ह्यांचे जे नाते जडले ते आजतागायत तुटलेले नाही. प्रौढ वाचकाच्या ह्या हंगामी प्रतीक्षेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बारा ते सोळा ह्या वयाचा वाचकही ह्याच दिवसांत कशाची तरी वाट पाहत असतो, ह्याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने फारशी घेतलेली दिसत नाही.

बुऱ्हाणपूर व त्याच्या आसपासच्या गावांत मराठी शिकविणारे आणि मराठीवर प्रेम करणारे जे शिक्षक आहेत, ते दिवाळीच्या सुटीपूर्वी एक प्रश्न हमखास विचारतात : ह्या थंडीत मुलांच्या हाती कोणती नवी कादंबरी द्यावी? प्रश्न साधा दिसतो. पाच-सहा नावे सांगून तो मिटविताही येईल. पण ज्या गावात शाळेचे माध्यम बहुधा हिंदी किंवा इंग्रजी असते, आणि मराठी केवळ घरात, देवघरात व लग्नकार्यात बोलली जाते, त्या गावात हा प्रश्न पुस्तकाच्या निवडीपुरता राहत नाही. मुलाने ह्या चार-पाच वर्षांत एकही मराठी कादंबरी आपखुशीने वाचली नाही, तर पुढे तो मराठी बोलेल, पण मराठीचा वाचक होणार नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून यादी देण्यापूर्वी ही प्रतीक्षा कोठून आली आणि तिने ह्या गावातील मुलास काय दिले वा काय दिले नाही, हे पाहणे इष्ट ठरेल.

‘कुमार’ हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. कुमार वाचक ही कल्पना मात्र त्या मानाने नवी. भातुकली सुटलेली आहे आणि संसार अद्याप लागलेला नाही, अशा ह्या अवस्थेस स्वतंत्र वाङ्मय लागते, हे आपल्या लेखकांच्या हळूहळू ध्यानात आले. विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि १९१४ साली निधन होईपर्यंत ते निष्ठेने चालविले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे ‘आनंद’ निघाले. ह्या दोन्ही मासिकांचे ऋण मोठे आहे. सुबोध गद्य कसे लिहावे ह्याचा वस्तुपाठच त्यांनी घालून दिला. तथापि त्यांचा भर माहिती, चरित्र, कविता आणि सद्बोध ह्यांवर होता. मुलाला शहाणे करावे ही त्यांची तळमळ होती. मुलाला रात्री जागवावे, पुढे काय झाले ह्या विचाराने तळमळत ठेवावे, ही त्यांची इच्छा असणे त्या काळात शक्यही नव्हते.

ते काम कादंबरीचे होते, आणि कादंबरी तर थोरांसाठी लिहिली जात होती. रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची ‘मोचनगड’ ही १८७१ सालची ऐतिहासिक कादंबरी ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमशः आली. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्या त्यातून प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे ठेविल्या. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री ह्यांच्या रहस्यमय कादंबऱ्या आल्या. सिंहगडावर शिकारीच्या वेळी कडा कोसळून पडल्यामुळे ज्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, त्या नाथमाधवांनी अंथरुणास खिळून ‘वीरधवल’ लिहिली. ह्यांपैकी कोणीही ‘कुमारांसाठी’ म्हणून लिहिले नाही. पण त्यांचे सर्वांत अधाशी वाचक कुमारच होते. भूगोलाच्या पुस्तकाआड कादंबरी धरून वाचणारी पिढी महाराष्ट्रात झाली ती ह्या लेखकांमुळे. वडिलधाऱ्यांनी ह्या वाचनास व्यसन म्हटले. वस्तुतः मराठी वाक्य एका दमात वाचण्याची शक्ती ज्यांच्यात आली, त्यांच्यात ती ह्याच व्यसनाने आली.

येथे क्रमशः प्रकाशनाचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. पुस्तक एकदम हाती आले तर ते वाचून संपते. हप्त्याने आले तर त्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणे हे वाचनाचे अर्धे अंग आहे. ही गोष्ट मराठीपुरती खरी नाही. पॅरिसच्या ‘ल तां’ ह्या दैनिकात १८७२ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेपासून डिसेंबरच्या २२ तारखेपर्यंत, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, ज्यूल व्हर्न ह्यांची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची कादंबरी रोज थोडी थोडी छापून येत होती. कथेतील प्रवास २ ऑक्टोबर १८७२ रोजी सुरू होऊन २१ डिसेंबरास संपतो. म्हणजे वाचकाचे पंचांग आणि कथेचे पंचांग जवळजवळ एकच होते. पुढे जगभरच्या कुमारांनी आपलीशी केलेली ही कादंबरी आमच्या विषयाशी आणखी एका कारणाने निगडित आहे. तीत बुऱ्हाणपूर येते.

फिलीअस फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू हे २० ऑक्टोबरच्या रात्री मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या गाडीत बसतात. घाट चढून, खानदेश ओलांडून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला गाडी बुऱ्हाणपुरास थांबते. तेथे पासपार्तू खोटे मोती जडविलेल्या देशी सपाता विकत घेतो आणि मोठ्या दिमाखाने पायांत घालतो. मंडळी घाईघाईने काही खातात, गाडी तापीचा काठ धरून असीरगडाकडे निघते, आणि जगातील एका अत्यंत लोकप्रिय कादंबरीतील बुऱ्हाणपूर तेथेच संपते. मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत समुद्रास मिळणाऱ्या आमच्या तापीला त्या कादंबरीत लहानशी नदी म्हटले आहे.

ह्यात रागावण्यासारखे काही नाही. व्हर्न ह्या देशात कधी आले नव्हते; नकाशे, प्रवासवर्णने आणि वेळापत्रके ह्यांवरून ते लिहीत. कथेच्या सोयीसाठी त्यांनी अलाहाबादच्या अलीकडे लोहमार्ग अपुरा ठेविला आणि प्रवाशांना हत्तीवर बसविले. प्रत्यक्षात १८७० सालच्या मार्चमध्येच मुंबई ते कलकत्ता हा मार्ग जबलपूरवरून पुरा जुळला होता. बुऱ्हाणपुराच्या बाबतीत मात्र त्यांची नजर एका अर्थाने खरी ठरते. बुऱ्हाणपूरचे स्टेशन शहराबाहेर लालबागेत आहे. गाडीत बसलेल्या माणसास तट, वेशी, मिनार ह्यांपैकी काहीच दिसावयाचे नाही. तो फलाटावर उतरणार, काहीतरी विकत घेणार आणि पुढे जाणार. आमचा आक्षेप असलाच तर व्हर्न ह्यांच्यावर नाही. त्यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली, मराठीत कुमारांसाठी शेकडो कथा-कादंबऱ्या झाल्या, आणि तरीही कुमार-कादंबरीची गाडी बुऱ्हाणपुरास थांबल्याचे आमच्या वाचनात नाही, ही गोष्ट आम्हांस अधिक बोचते.

विसाव्या शतकात मराठी कुमार-वाङ्मय खऱ्या अर्थाने उभे राहिले आणि त्यातील काही मोठी माणसे ह्याच परिसराशी संबंधित होती, हे विशेष. साने गुरुजी कोकणातील पालगडचे. पण त्यांच्यातील शिक्षक घडला तो खानदेशात, अमळनेरच्या शाळेत आणि तेथील छात्रालयात. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे त्यांनी तेथे काढली, मुलांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक चालविले. १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र’ ह्या नावाने ओळखली जातात. श्रोत्यांस रोज रात्री थोडे सांगावे, बाकीचे उद्यावर ठेवावे, ही ती रचना. ‘करमणुकी’चा हप्ता आणि आजीच्या गोष्टीची रात्र ह्यांचा मेळ ह्या पुस्तकाने घातला, ते घरोघर मोठ्याने वाचले गेले ह्याचे एक कारण ही रचनाही असावी.

ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ने कुमार नायकास उपदेशाच्या ओझ्यातून बरेच सोडविले. आणि ज्यांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या स्वाधीन केले, ते भा. रा. भागवत तर १९१० साली इंदुरास जन्मलेले, म्हणजे माळव्याच्या मराठीचे लेणे. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ ह्यांसारख्या पुस्तकांतून व्हर्न ह्यांचे जग मराठीत आणले. आणि पुढे फुरसुंगीच्या बनेश फेण्यास, म्हणजेच फास्टर फेण्यास, जन्म देऊन मराठी कुमारांना त्यांचा स्वतःचा साहसवीर दिला. व्हर्न वाचून वाढलेला लेखक केवळ भाषांतरावर थांबला नाही. त्याने परक्या साहसाची गती घेऊन ती पुण्याच्या विद्याभवनातील सायकलस्वार पोरात भरली. वाङ्मयाची देवघेव कशी व्हावी ह्याचा ह्याहून चांगला दाखला आम्हांस दुसरा आठवत नाही.

परंतु ह्या सर्व पुस्तकांचा नकाशा मांडून पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. श्यामचे पालगड कोकणात, फेण्याची शाळा पुण्यात. कुमार नायक खेड्यातला असला तर तो शिकण्यासाठी पुण्या-मुंबईस जातो. तापीच्या काठच्या मुलाने ही पुस्तके वाचली तेव्हा त्याने समुद्र, लाल माती, फणस आणि पुण्याचे रस्ते हे सारे कल्पनेने पाहिले. तसे पाहणे हा वाचनाचा मोठा लाभच आहे. पण मराठी पुस्तकातील जग ते आपले नव्हे, दुसऱ्या कोणाचे तरी आहे, अशी समजूत त्याच्या मनात नकळत रुजली असेल, तर तिचा दोष त्या मुलाकडे जात नाही.

ह्या समजुतीस इतिहासाने बळच दिले. इंग्रजी अमलात बुऱ्हाणपूर मध्यप्रांतातील निमाड जिल्ह्यात होते आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपुरास ‘मुलांचे मासिक’ निघू लागले, तेव्हा ते आपल्याच प्रांतातील मासिक होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६७ साली ‘बालभारती’ म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, १९७१ सालच्या नोव्हेंबरमध्ये त्याच मंडळाने ‘किशोर’ मासिक सुरू केले. ही सारी कामे थोर होती. पण ती सरहद्दीच्या पलीकडे झाली. रावेरच्या शाळेत ‘किशोर’ सहज पोहोचे. तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या बुऱ्हाणपुरात मात्र तो कोणीतरी मुद्दाम आणावा लागे. २००३ साली बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले, तरी ह्या बाबतीत फरक पडला नाही. सरहद्दीवरील मराठी मुलाच्या वाचनाचा इतिहास लिहावयाचा तर तो ग्रंथालयांच्या अहवालांत सापडणार नाही. तो भुसावळ-जळगावहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत शोधावा लागेल.

ह्याच सरहद्दीच्या शेजारून मराठीतील एक मोठी कादंबरी आली, हे येथे सांगितले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातील सांगवी हे भालचंद्र नेमाडे ह्यांचे जन्मगाव. त्यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. ती कुमारांसाठी लिहिलेली नाही. पण कुमारपण संपत असताना जे एकटेपण येते त्याचे इतके निखळ चित्र मराठीत त्यापूर्वी नव्हते, आणि शाळा संपविणाऱ्या मुलांनी ती आपली मानली. तिचा नायक खानदेशातून पुण्यास जातो आणि परत येतो. हे परत येणे आम्हांस महत्त्वाचे वाटते. कादंबरीतील तरुणाची वाट एकतर्फी असलीच पाहिजे असे नाही, हे तापीखोऱ्यातील एका लेखकाने दाखवून दिले.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. मराठी कुमाराचे सर्वांत आवडते वाचन म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. गड, घोडदौड, वेषांतर, गनिमी कावा ह्यांनी त्याचे मन भारले जाते. बुऱ्हाणपूरचा मुलगा ही पुस्तके वाचतो तेव्हा त्याचे स्थान मात्र चमत्कारिक असते. १६८१ सालच्या आरंभी संभाजीराजांच्या फौजा बुऱ्हाणपुरावर आल्या आणि शहराजवळील संपन्न असे बहादूरपूर त्यांनी लुटले. मोगलांच्या खानदेश सुभ्याची ही राजधानी. मराठ्यांच्या दृष्टीने ही मोहीम पराक्रमाची, आणि तशीच ती कादंबऱ्यांत वर्णिली जाते. साताऱ्याचा किंवा पुण्याचा मुलगा ती वाचताना घोड्यावर बसलेला असतो. बुऱ्हाणपूरचा मराठी मुलगा एका पानावर घोड्यावर असतो आणि दुसऱ्या पानावर तटाच्या आत. लुटीच्या वार्तेने ज्या पेठेतील दुकाने मिटली त्याच पेठेत त्याचे घर आहे. त्याच पेठेतील सराफ, कलाबतूचे कारागीर आणि कोष्टी हे त्याचे शेजारी. पुढे १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने हे शहर पेशव्यांना दिले. म्हणजे लुटणारे आणि राज्य करणारे एकाच भाषेचे ठरले. इतिहास दोन्ही बाजूंनी पाहण्याचे हे शिक्षण ज्या मुलास जन्मतःच मिळाले आहे, त्याच्यासाठी अशी कादंबरी अद्याप कोणी लिहिली नाही, ही आमची खंत आहे.

गोष्टीची शक्ती किती असते ह्याचा एक अनुभव ह्या परिसराने नुकताच घेतला. शिवाजी सावंत ह्यांच्या १९७९ सालच्या ‘छावा’ कादंबरीवरील हिंदी चित्रपट २०२५ सालच्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच बुऱ्हाणपूरच्या मोहिमेचा देखावा आहे. त्यानंतर मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याकडील शेतांत मोगलकालीन मोहरा पुरलेल्या आहेत अशी आवई उठली, आणि लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागले. पोलिसांना तेथे जावे लागले. वृत्तपत्रांनी ह्या प्रकाराची थट्टा केली. आम्हांस त्यात हसण्याहून अधिक काही दिसले. आपल्या गावाचे नाव मोठ्या गोष्टीत ऐकताच माणसे कुदळी घेऊन घराबाहेर पडली, इतकी त्यांना त्या नावाची भूक होती. ती भूक सोन्याकडे वळली, कारण गोष्टीने त्यांना सोन्यापलीकडचे फारसे काही दाखविले नव्हते.

वास्तविक ह्या गावात खणावयास दुसरे पुष्कळ आहे. अब्दुर्रहीम खानखानान ह्याच्या कारकिर्दीत १६१५ साली तबकुतुल अर्ज ह्या इराणी भूशास्त्रज्ञाने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात आणण्याची योजना केली. तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो. एका पाठोपाठ एक अशा शेकडोएक कुंड्या भुयाराने जोडलेल्या आहेत आणि पाणी केवळ उताराने वाहते. त्याच १६१५ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरास शाहजादा परवीज ह्याच्या भेटीस आला होता. १६३१ सालच्या जूनमध्ये मुमताजमहल येथे वारली. तिचे शव तापीपलीकडे जैनाबादेतील आहूखान्याच्या बागेत ठेविले होते आणि डिसेंबरच्या थंडीत ते आग्र्यास नेण्यात आले. येथील जामा मशिदीत अरबी लेखाशेजारी संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. भुयार, परदेशी वकील, थंडीतील शवयात्रा, भिंतीवरील दोन लिपी : कुमार-कादंबरीस ह्याहून अधिक काय हवे? आणि इतके मागे जावयाचे नसेल, तर यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करणारी मुलगी, केळीच्या बागेत पाणी धरणारा मुलगा, घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत उर्दू बोलणारे तिघे मित्र, ही पात्रे आज ह्या गावात चालती-बोलती आहेत.

ह्या पार्श्वभूमीवर येत्या थंडीची अपेक्षा कशी करावी? आमच्या मते निराश होण्याचे कारण नाही. साहित्य अकादमीने २०१० साली बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. त्यातील मराठीच्या निवडी पाहिल्या तर २०१७ ते २०२५ ह्या नऊ वर्षांत पाच वेळा कादंबरीची निवड झालेली दिसते : २०१७ साली ल. म. कडू ह्यांची ‘खारीच्या वाटा’, २०१९ साली सलीम मुल्ला ह्यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२१ साली संजय वाघ ह्यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ साली संगीता बर्वे ह्यांची ‘पियूची वही’ आणि २०२४ साली भारत सासणे ह्यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. सासणे हे उदगीर येथे २०२२ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. प्रौढांचा मान्यवर कथाकार कुमारांसाठी कादंबरी लिहितो आणि तिचा गौरव होतो, ही ‘बालबोध’च्या काळी कल्पनेतही न येणारी गोष्ट आहे. ‘किशोर’ने अर्धशतक ओलांडले आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास खुले झाले, १९७१ साली जी सरहद्द त्या मासिकास आडवी आली ती आता बऱ्याच अंशी नाहीशी झाली. पाहुण्याच्या पिशवीची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. शिक्षकाने मात्र ते अंक मुलांसमोर उघडले पाहिजेत.

नवी कादंबरी हाती आल्यावर ती पारखावी कशी, ह्याविषयी दोन शब्द. ती मुलास शहाणपण शिकविते की नाही हे प्रथम पाहू नये. ती त्याला पुढचे पान उलटावयास लावते की नाही हे पाहावे. दुसरे, तिच्यातील मुलाला स्वतः काही ठरवावे लागते काय, आणि ठरविल्याचे परिणाम भोगावे लागतात काय, हे तपासावे. जेथे संकटसमयी वडील, गुरुजी किंवा योगायोग येऊन सर्व निस्तरतो, तेथे कुमारपणाचा मान राखला गेला नाही असे समजावे. तिसरे, तिचे मराठी मोठ्याने वाचता येते काय हे पाहावे. सरहद्दीवरील मुलाच्या कानात मराठी असते, डोळ्यांत नसते. ‘श्यामची आई’ ज्या रीतीने रात्रीमागून रात्र ऐकली गेली, त्या रीतीने वर्गात रोज एक प्रकरण वाचून दाखविले आणि ऐन उत्कंठेच्या जागी पुस्तक मिटले, तर पुढचे प्रकरण मूल स्वतः वाचील. हप्त्याची ही जुनी युक्ती शंभर-दीडशे वर्षांत निकामी झालेली नाही. आणि चौथे, पुस्तकातील नकाशात आपले गाव नसेल तर मुलांना ते त्यात घालावयास सांगावे. फास्टर फेणे बुऱ्हाणपुरास सुटीत आला असता आणि कुंडी भंडाऱ्यात उतरला असता, तर काय झाले असते? हा निबंधाचा विषय देऊन पाहावा. उत्तरांतील मराठी अशुद्ध असेल, तीत हिंदी मिसळलेली असेल. तांबडी शाई थोडा वेळ बाजूस ठेवून ती उत्तरे वाचावीत. पुढील वीस वर्षांतील एखादा कादंबरीकार त्या वह्यांत असण्याचा संभव आहे.

अकादमीच्या सभासदांकडेही आमचे एक मागणे आहे. आपण परिसंवाद घेतो, व्याख्याने ठेवितो, ज्येष्ठांचे सत्कार करतो. हे सर्व योग्यच आहे. पण ज्या वाचकांपुढे हे सत्कार व्हावयाचे, ते वाचकच पुढील पिढीत उरले नाहीत तर सत्कारांचे प्रयोजन काय? दिवाळीपूर्वी प्रत्येक सभासदाने एक नवी कुमार-कादंबरी विकत घेऊन ती आपल्या गल्लीतील एखाद्या मुलास द्यावी आणि माघात तिच्याविषयी त्याला विचारावे, इतके लहान काम आम्ही सुचवितो. त्यास कचेरी लागत नाही, अनुदान लागत नाही. पुस्तक परत मिळावे अशी अपेक्षा ठेवू नये. ते दुसऱ्या मुलाकडे गेल्याचे कळले तर समाधान मानावे.

आणि लेखकांना सांगावयाचे ते एवढेच. १८७२ सालच्या थंडीत एका परक्या लेखकाने आमच्या गावाचे नाव जगभर नेले, त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. परंतु त्याच्या प्रवाशास गाडी पकडावयाची होती. मराठी लेखकास तशी घाई असण्याचे कारण नाही. त्याने लालबागेच्या स्टेशनावर उतरावे, शहरात यावे, तटाच्या आतून आणि बाहेरून दोन्ही अंगांनी हे गाव पाहावे, आणि येथील मुलामुलींची एक कादंबरी लिहावी. ती कोणत्या दिवाळीस येईल हे आज सांगता येत नाही. पण ती येईपर्यंत मराठी वाचू शकणारे मूल ह्या गावात शिल्लक ठेवणे हे लेखकाचे काम नव्हे. ते आपणा शिक्षकांचे आणि सभासदांचे काम आहे, आणि त्याचा हंगाम येत्या सुटीपासून सुरू होतो.